अशील म्हणून आलेली बाई

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. मला बरंच वाटेल.

खोटी असती तर माझी बहीण आज चार माणसांसारखी वागली असती.

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नव्हती, स्मशान नव्हतं.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला शनिवार होता. भर दुपार. वसईतलं एक लॉ कॉलेज. नाव सांगत नाही, कारण त्यात कॉलेजचा काही दोष नाही.

मी जितेश. आम्ही नालासोपाऱ्यात तुळिंजला राहतो. माझी धाकटी बहीण विनिता तेव्हा लॉच्या चौथ्या वर्षाला होती. घरात वकील होणारी पहिलीच. आई शेजारपाजारी तिला 'आमची वकिलीणबाई' म्हणायची.

लॉच्या मुलांच्या मूट कोर्टच्या स्पर्धा असतात, म्हणजे खोटं कोर्ट भरवायचं आणि खऱ्यासारखं भांडायचं. विनिताने भाग घेतला होता तो त्यातलाच एक वेगळा प्रकार. यात कोर्ट नसतं. दोन मुलं वकील बनून बसतात. समोर कुणीतरी अशील बनून येतं. त्याला एक गोष्ट पाठ करून दिलेली असते.

आणि त्यातला एक मुद्दा त्याला मुद्दाम लपवायला सांगितलेला असतो.

तो बाहेर काढला की मार्क.

विनिता यात फार हुशार होती. घरीही तेच चालायचं. मी उशिरा आलो की समोर बसवून विचारायची, "दादा, खरं सांग." आणि मी सांगून टाकायचो. आम्ही सगळे हसायचो.

त्या दिवशी फायनल होती. विनिताची जोडीदार सुझान, होळी गावची, शांत मुलगी. दोघींना आधी एकच ओळ दिली होती : 'अशिलावर कामाच्या ठिकाणी चोरीचा आळ आहे.' बस.

मी सुट्टी टाकून गेलो होतो. दुसऱ्या रांगेत बसलो. मोबाईल काढला आणि कॅमेरा विनिताच्या चेहऱ्यावर धरला. समोरची खुर्ची फ्रेमच्या बाहेर होती.

बाजूला तीन जज बसले होते. मधल्या मॅडम नावाजलेल्या वकील.

"अशिलाला बोलवा," त्या म्हणाल्या.

दारापाशी उभा असलेला मुलगा दार उघडायला वळला...

पण ती आधीच आत होती.

दार कधी उघडलं ते मला आठवत नाही. नंतर कुणालाच आठवलं नाही.

चाळीस-पंचेचाळीशीची बाई. फिकट हिरवं लुगडं, घट्ट घेतलेला पदर. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. पूर्ण बसायला लाजत असल्यासारखी.

मला वाटलं, वा. कुणीतरी नाटकातली बाई आणलीय.

विनिताने हसून नमस्कार केला. नाव विचारलं.

"जयवंती. चांदीपची. धर्माची आय."

"जयवंतीताई, चांदीपहून आलात? लांबून आलात हो. सांगा, काय झालं?"

तिने सांगितलं. वसईत एका बंगल्यात ती घरकामाला होती. मालकिणीची सोन्याची पाटली हरवली. सगळे म्हणाले, हिनेच घेतली.

"मी घेतली नाय, बाय. एवढं कोनीतरी लिवून द्या. मना दुसरा काय नको."

तिचा आवाज अगदी हळू होता. तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता.

सुझानने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

बाई ग्लासाकडे बघत राहिली...

"पानी नको. पानी लय झालं."

सुझानने हात मागे घेतला. तिचा चेहरा बदललेला मला दिसला. पण मी सुझानकडे बघायला आलो नव्हतो.

विनिता पुढे वाकली. तिची ती सवय मला पाठ होती. आता ती लपवलेला मुद्दा काढणार.

"ताई, वकिलापासून काही लपवायचं नसतं. त्या खोलीत तुम्ही एकट्याच होता ना?"

"व्हय."

"कपाट उघडं होतं?"

"व्हय. पन मी..."

"म्हणजे घेता आली असती."

"घेता आली असती. पन घेतली नाय."

विनिताने एकदा जजकडे बघितलं. मधल्या मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या, तिच्याकडेच बघत होत्या. विनिताच्या ओठांवर हसू आलं. अगदी थोडं.

"घेतली ना?"

"नाय."

"घेतली ना, ताई?"

बाई रडायला लागली. मोठ्याने नाही. पदर तोंडाशी धरून. टेबलाखाली सुझानने विनिताचा हात दाबला. विनिताने तो झटकला.

"तुमच्या मुलाचं नाव धर्मा ना? धर्माच्या डोक्यावर हात ठेवून सांगाल?"

बाईने एकदम वर बघितलं.

"पोराला मधी नको आनू."

"मग खरं सांगा. नाहीतर धर्माची शपथ घ्या."



मग ती बाई म्हणाली...

"घेतली."

आणि मान खाली घातली.

मधल्या मॅडम म्हणाल्या, "अशिलाकडून सत्य काढून घेणं यालाच म्हणतात. उत्कृष्ट."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी मी वाजवल्या. मोबाईल मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी.

बाई उठली. पदर सारखा केला, हात जोडले आणि दाराकडे गेली.

विनिताची जोडी पहिली आली.

बक्षीस समारंभ झाल्यावर पहिल्या वर्षातली एक मुलगी सरांकडे आली. रडकुंडीला आली होती.

"सर, मला बोलावलंच नाही. अशील मी होते ना. मी दाराबाहेर बाकावरच बसले होते."

"अरे, मग ती बाई?"

"कोण बाई? सर, दारातून कुणी आत गेलं नाही. कुणी बाहेरही आलं नाही."

सरांना वाटलं, जजनी आयत्या वेळी बदल केला. जजना वाटलं, कॉलेजने बाई आणली. निकाल लागून गेला होता, फोटो काढून झाले होते. मग कुणी फार विचारलं नाही.

विनितानेही नाही. मीही नाही.

रिक्षा स्टँडवर सुझान विनिताला एवढंच म्हणाली, "ती ॲक्टिंग नव्हती, विनी." आणि आमच्याबरोबर न येता दुसऱ्या रिक्षात बसून गेली.

घरी पोचायच्या आत मी तो व्हिडिओ फेसबुकवर टाकला होता. वर लिहिलं, 'माझी वाघीण.' वसई-विरारच्या दोन-तीन ग्रुपवरही टाकला. लोकांनी उचलून धरला. 'कडक', 'भावी न्यायाधीश', असं बरंच काय काय.

संध्याकाळी आईने तो बघितला. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या बाईचा आवाज का नाही रे येत?"

मी म्हटलं, मोबाईलचा माईक, लांबून पकडत नसेल.

पण मग मी कानाला लावून ऐकलं.

विनिताचा आवाज होता. हॉलच्या पंख्याची घरघर होती. एका जजचा खोकला होता.

आणि जिथे ती बाई बोलते तिथे...

काहीच नव्हतं.

पंखासुद्धा नाही.

विनिताने प्रश्न विचारला की पंखा सुरू. बाईची बोलायची वेळ आली की सगळं बंद. पुन्हा विनिता, पुन्हा पंखा. शेवटपर्यंत तसंच.

आणि दिसत काय होतं? फक्त माझ्या बहिणीचा चेहरा. 'घेतली ना?' म्हणणारा. समोरून काही उत्तर नाही, तरी पुन्हा 'घेतली ना?' म्हणणारा. मध्येच जजकडे बघून हसणारा.

विनिता माझ्या मागे उभी होती. तिने सगळं बघितलं.

"मी अशी दिसते?" तिने विचारलं.

मी व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो शेकडो मोबाईलमध्ये गेला होता.

पुढच्या रविवारी सकाळी विनिता म्हणाली, "दादा, मला चांदीपला ने. मला त्यांची माफी मागायचीय."

बाईकवरून गेलो. चांदीप म्हणजे वसई तालुक्याच्या पूर्वेला, शेतीचं गाव. विचारत विचारत एका घराशी पोचलो. पन्नाशीचा एक माणूस अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता.

"कोन पायजे?"

"जयवंतीताई इथेच राहतात का?"

त्याचा हात थांबला.

"मी धर्मा. ती माजी आय. तिला जाऊन लय वरसं झाली. मी शाळेत व्हतो तवा."

विनिताने माझं मनगट धरलं.

"कशाने गेल्या?" मी विचारलं.

"विहिरीत."

मग त्याने आपणहून सांगितलं. आई वसईला एका बंगल्यात कामाला होती. पाटली हरवली. मालकांनी तिला एका खोलीत दिवसभर बसवून ठेवलं. आळीपाळीने विचारत होते. घेतली ना, घेतली ना.

"पन कबूल नाय झाली. येक डाव पन नाय. घरी आली, मना जेवाया वाढलं, सकाळी विहिरीत." तो शेंगा निवडायला लागला. "लोक पाठीमागं बोलाचे, चोरनीचा पोर. मी बोलाचो, माजी आय कबूल झाली नाय. त्याच्यावर तर जगलो मी."

मग त्याने विनिताकडे बघितलं.

"तुमी का विचारता?"

मला वाटलं, ती काहीतरी थाप मारेल. पण तिने सांगितलं. अडखळत, खाली बघत. कॉलेजात एक बाई आल्या होत्या. जयवंती, चांदीपच्या, धर्माची आई, असं म्हणाल्या.

तो हसला नाही. रागावलाही नाही.

"काय बोलली?"

बाजूच्या शेतात पाण्याची मोटर चालू होती. झाडात पाखरं ओरडत होती. दूर कुठेतरी ट्रॅक्टर.

विनिता म्हणाली, "घेतली नाही, असंच म्हणाल्या."

आणि सगळं थांबलं...

मोटर. पाखरं. ट्रॅक्टर. धर्माच्या हातातल्या शेंगा सुपात पडताना दिसत होत्या, पण त्यांचा आवाज नव्हता.

मी ती शांतता ओळखली. व्हिडिओत होती तीच.

म्हणजे त्या वेळी ती तिथेच कुठेतरी होती. काहीतरी बोलत होती. आणि आम्हाला ऐकू येत नव्हतं.

मग मोटर पुन्हा ऐकू यायला लागली.

"तेच बोलनार ती," धर्मा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्याने पिशवीभर शेंगा आमच्या हातात दिल्या. आम्ही नको नको म्हटलं तरी दिल्या.

आईने त्या शेंगांची भाजी केली. विनिता ताटावर बसली आणि तशीच उठली.

आठवडा गेला असेल. दुपारी विनिताचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने स्पीकरवर लावला.

"बाय, धर्मा बोलतो. चांदीपवरून."

व्हिडिओ फिरत फिरत त्याच्या गावातल्या कुणाकडे तरी पोचला होता. विनिताच्या तोंडी जयवंतीचं नाव होतं, चांदीपचं नाव होतं. त्या माणसाने तो त्याला नेऊन दाखवला. नंबर त्याने कॉलेजमधून मिळवला होता.

"आयचा आवाज ऐकला," तो म्हणाला. "इतक्या वरसांनी. बाकी कोनाला ऐकू नाय येत. मना येते."

विनिताने फोन दोन्ही हातांनी धरला.

"काका, मी... मला वाटलं तो खेळ आहे..."

"माज्या नावाची शपथ घे बोललीस तिला."

तो रागाने बोलत नव्हता. रागाने बोलला असता तर सोसवलं असतं.

"त्या लोकांना दिसभर बसून जमलं नाय, बाय. तुला दुपारच्या दुपारी जमलं."

फोन बंद झाला.

नंतर आम्ही कितीदा लावला. लागला नाही. मी एकटा एकदा चांदीपला जाऊन आलो. घराला कुलूप होतं. शेजारच्यांनी मला नीट उत्तर दिलं नाही. त्यांनी मला ओळखलं होतं, असं मला वाटलं. मान खाली घालून गाडी वळवली.

विनिताने स्पर्धा सोडल्या. कॉलेजला जाते, परीक्षा देते. सुझान पुन्हा बोलायला लागली आहे, थोडं थोडं.

पण एक गोष्ट मी अजून आईलासुद्धा सांगितलेली नाही.

आमच्या घराखाली तुळिंजचा बाजार आहे. भाजीवाले, रिक्षांचे हॉर्न, दिवसभर गोंगाट. सुट्टीच्या दुपारी विनिता आतल्या खोलीत वाचत बसते. मी बाहेर असतो.

आणि मध्येच...

खालचा सगळा बाजार बंद पडतो. पंखा फिरताना दिसतो, ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी वर उचललेली दिसते, वाजत नाही.

मी आत डोकावतो. विनिताने पुस्तक बाजूला ठेवलेलं असतं. ती समोर बघत असते. समोर काही नसतं. तिचे ओठ हलतात, पण तिचाही आवाज येत नाही. दोन्ही हात जोडलेले असतात.

मग एकदम हॉर्न ऐकू येतात.

मागच्या रविवारी मी धीर करून तिच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, "काय म्हणतात त्या?"

ती माझ्याकडे बघत नव्हती.

"घेतली म्हणतात," ती म्हणाली. "दर वेळी तेच. मी सांगते, ताई, तुम्ही नाही घेतली. हात जोडून सांगते. त्या ऐकतच नाहीत, दादा. घेतली, घेतली, एवढंच म्हणत राहतात."