हात पुरेल तिथपर्यंत

पैज मिशीची होती. टेलर म्हणाला, दादांची घरगाडी पुन्हा चमकली तर भर गल्लीत मिशी काढीन. मी म्हणालो, चमकली म्हणजे किती ते आधी ठरव, नाहीतर मागाहून टेप घेऊन मोजत बसशील. तो म्हणाला, तिच्या अंगात बघून दाढी करता आली पाहिजे. ठीक आहे म्हटलं, नाही जमलं तर माझी मिशी तुझी. मग त्यानं अट घातली, कारण तो मला ओळखून आहे.

"सगळं काम तुझ्या एकट्याच्या हाताचं. माणसं लावायची नाहीत, नवा रंग फासायचा नाही. आणि पेंटर, तुझी कुठलीही चलाखी नको."

चलाखी नको म्हणजे माझ्या जेवणातलं मीठच काढलं. मी पाट्या रंगवतो, पोट त्यावर चालतं. मन रमतं ते लोकांना बनवण्यात. टेलरच्या दुकानातल्या पुतळ्याला मी एकदा त्याच्या सासऱ्याचा चष्मा आणि टोपी घालून खुर्चीत बसवलं होतं. टेलर सकाळी आला, वाकून नमस्कार केला, चहा घेणार का विचारलं, आणि उत्तर येईना तेव्हा रागावलात का म्हणून माफीही मागितली. तेव्हापासून गल्लीत काहीही विचित्र घडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. बहुतेक वेळा बरोबरच असतात.

पैज गमतीची, पण गाडीचं प्रकरण गमतीचं नव्हतं. दादा म्हणजे माझ्या दुकानासमोर राहणारे, बसचे जुने ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्यांना फिरवलं, आता हिला फिरवतो, असं म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, भिंतीत मिटणारं टेबल. दादा आणि त्यांच्या खांद्यालाही न लागणाऱ्या वहिनी महिना महिना गायब असायचे. वहिनी गेल्या आणि गाडी घरासमोर उभी राहिली ती राहिलीच. ऊन खाऊन खाऊन फायबर मेलं. सगळ्या अंगाला पांढरी भुकटी सुटली. जरा टेकलं की पाठीला पीठ.

मग कुणीतरी तक्रार केली. कुणी ते मला माहीत नाही, गाडीमुळे टेलरच्या दुकानात उजेड येत नाही एवढंच मला माहीत आहे. पालिकेचे साहेब आले, गाडीवरून बोट फिरवलं, पांढरं बोट दादांना दाखवलं. बेवारस दिसतेय म्हणाले. पुढच्या फेरीला अशीच दिसली तर उचलून भंगारात. दादा रोज सकाळी इंजिन सुरू करायचे, ते ऐकायला साहेबांना वेळ नव्हता.

दादा रोज जेवून त्या गाडीत झोपायचे. घरात डोळा लागत नाही म्हणायचे. साहेब गेल्यावर त्यांनी मला एकच विचारलं.

"उचलून नेली तर मी दुपारी कुठे झोपू रे?"

मी हसण्यावारी नेलं आणि सरळ टेलरकडे जाऊन पैज लावली. मला फुकट चांगुलपणा करता येत नाही, लाज वाटते.

काम सोपं आहे, फक्त जीव काढतं. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं. मग बारीक वॉटर पेपर घासायचा, तोही ओला, हलक्या हातानं. मग रबिंग कंपाउंड लावून घासत बसायचं, मेलेला थर उतरेपर्यंत. मग पॉलिश, मग मेण. एका वेळी ताटाएवढा तुकडा, त्याहून जास्त नाही. आणि उन्हात अजिबात नाही, कंपाउंड जागच्या जागी सुकून बसतं. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी काम, दुपारी सुट्टी. दुपारी त्या गाडीला हात लावायची सोय नव्हती, तवा झालेली असायची; आत दादा कसे झोपायचे ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या सकाळी मागच्या चाकाशेजारी एक तुकडा केला. खालून मूळचा दुधाळ रंग वर आला, मला शीळ घालावीशी वाटली. फडकी पायरीवर घडी करून ठेवली आणि जेवायला गेलो.

संध्याकाळी आलो तर शेजारचाही तुकडा चमकत होता.

दादांनी केलं असणार. पण दादांचा उजवा खांदा बसच्या स्टिअरिंगनं खाल्लेला, हात छातीच्या वर जात नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, मी झोपलो होतो, तूच केलं असशील आणि आता माझी फिरकी घेतोयस. मी शपथ घेतली. माझ्या शपथेची गल्लीत किंमत काय ते सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी आणखी तुकडे. तिसऱ्या दिवशी अर्धी बाजू. गल्ली माझं कौतुक करायला लागली. टेलर मात्र कुरकुरला की मी गुपचूप माणूस लावलाय. मलाही तेच वाटत होतं, फक्त तो माणूस मी लावला नव्हता.

मी जवळ जाऊन बघितलं. रंगाच्या धंद्यात माणसाचा हात वाचता येतो. माझा हात आडवा चालतो, लांब. इथे छोटे छोटे गोल होते, एकात एक अडकवलेले, घाई नसलेले. कोपरे सोडलेले. आणि सगळी चमक एका उंचीपर्यंत येऊन थांबली होती, माझ्या कपाळापाशी. वर सगळं तसंच भुरकट. टाचा उंचावून जिथपर्यंत हात पुरेल, तिथपर्यंतच.

दादा शेजारी येऊन उभे राहिले. त्या गोलांवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच फिरवत राहिले.

"तू नाहीस म्हणतोस?"

"नाही, दादा."

"बरं. असलास तरी चालेल. उद्या पण कर."

पुढच्या दुपारी मी दुकानात पाटी रंगवायचं नाटक करत पाळत ठेवली. दादा जेवून आत गेले, दार लावून घेतलं. गल्ली झोपली. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. माझ्या आणि गाडीच्या मध्ये कुणी आलं नाही, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. पण एक आवाज येत होता. कापडाचा. थांबून थांबून, मांजर अंग चाटतं तसा.

मी रस्ता ओलांडून गेलो. आवाज थांबला.

भुरकट भागाला हात लावला तर चटका बसला. शेजारच्या नव्या चमकलेल्या भागाला लावला. तो गार होता.

आता खरं तर घाबरायला हवं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांना बनवत आलेला माणूस स्वतः बनायला तयार नसतो. माझ्याकडे एक जांभळी पूड आहे, जुना खेळ. कोरडी असताना दिसत नाही, ओल लागली की रंग चढतो आणि दोन दिवस घासला तरी निघत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना ती फडक्यांच्या घडीत भरून ठेवली.

संध्याकाळी मी गल्लीतले तळहात तपासत फिरलो. भविष्य बघतो म्हणून सांगितलं. टेलरला दीर्घायुष्य दिलं, हात कोरे. बायकोला परदेश प्रवास दिला, ती म्हणाली, तुमच्यासोबत असेल तर नको. तिचेही हात कोरे.

गाडीशी आलो. फडकी विस्कटलेली होती. खालची अर्धी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण झाली होती.

दार उघडून दादा बाहेर आले, झोपेतून उठलेले.

मी आधी त्यांचे हात बघितले. पालथे, उताणे. कोरे.

मग तोंडाकडे बघितलं.

डाव्या गालावर, डोळ्याखालून कानाकडे, चार जांभळ्या रेघा होत्या. बोटांच्या. कुणी ओला गाल पुसावा तशा.

माझी नजर बघून दादा वळले आणि गाडीच्या अंगात स्वतःला बघायला लागले. आता तिथे दिसत होतं. त्यांनी आपली बोटं त्या रेघांवर ठेवून बघितली. त्यांचं एक बोट दोन रेघा झाकत होतं.

"पेंटर," ते म्हणाले, "हे निघतं का रे?"

"निघेल दोन-तीन दिवसांत."

"इतक्या लवकर?"

त्या संध्याकाळी त्यांनी तोंड धुतलं नाही.

वरची अर्धी बाजू मी शिडीवर चढून केली. तिकडे कुणी मदत केली नाही. सगळ्यावर मेण चढवलं, आणि साहेब आले. बोट फिरवलं, बोट स्वच्छ. एकदा आपलं प्रतिबिंब बघितलं, भांग सारखा केला. दादांनी इंजिन सुरू केलं, तेही या वेळी ऐकलं. ही कुणी सोडून दिलेली गाडी नाही, एवढं म्हणून निघून गेले.

टेलर गडी वचनाचा. साबण, ब्रश, वस्तरा घेऊन गाडीसमोर हजर झाला, मागे सगळी गल्ली. मी त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला.

"पैज मी हरलोय," म्हणालो. "खालची बाजू माझ्या हाताची नाही."

मग कुणाच्या हाताची, असं सगळ्यांनी विचारलं. मला माहीत नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीसमोर निव्वळ खरं बोललो, आणि माझ्या कुठल्याच विनोदाला लोक एवढं हसले नसतील. टेलर संशयानं म्हणाला, यात काय डाव आहे ते आधी सांग. डाव नाही म्हणत मी फेस लावला.

गाडीच्या अंगात बघून मिशी काढली. एकदाही कापलं नाही, इतकं स्वच्छ दिसत होतं. पाणी मारलं आणि लोकांकडे वळलो.

बायकोनं निरखून बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली, "खाली हे होतं होय? झाकलेलं होतं तेच बरं होतं."

गल्ली हसत सुटली. टेलर पोट धरून खाली बसला. दादा गाडीला पाठ टेकून हसत होते, डोळे पुसत होते. मग हळूहळू सगळे शांत झाले, घरी निघायच्या बेतात आले.

तेव्हा गाडीच्या आतून एकटंच हसू आलं.

बारीक. बाईचं. विनोद आत्ता कुठे कळल्यासारखं.

टेलर माझ्या कानाशी आला. "हे कसं जमवलंस?"

माझ्या हातात वस्तरा तसाच होता.

दादांनी मागे वळूनही बघितलं नाही. टेकल्या टेकल्या बोटाच्या पेरानं गाडीवर दोनदा टकटक केलं.

"अगं, पुरे आता. लोक आहेत."

ते लगेच थांबलं.