गुलाबी पानं

मी स्टुडिओच्या गाडीच्या मागच्या दाराने आत शिरले, तिथून सगळं सुरू झालं.

जुलैची, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातली पहाट होती. मेलबर्नच्या फुट्सक्रे भागातल्या आमच्या गल्लीत हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. कडेवर मेव्ह, खांद्यावर तिच्या लंगोटांची पिशवी, दातांत स्क्रिप्टची पानं... दार कसंबसं उघडून मी तिला तिच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला आणि शेजारी बसले.

"मागे?" ड्रायव्हर म्हणाला. आवाज रोजच्या बॅरीचा नव्हता. "बॅरी म्हणाला, नवी मुलगी साधी आहे. महाराणी आहे हे बोलला नाही."

आमच्याकडे ड्रायव्हरच्या शेजारीच बसतात. मागे बसलात की त्याला नोकर समजलात. हे मला तो सांगणार होता? मी दातांतली पानं काढली. "बाळ आहे सोबत."

त्याने वळून पाहिलं. सोळा महिन्यांच्या मेव्हने त्याच्याकडे पाहिलं आणि जोरात शिंकली.

"कुणाचं?"

"पहाटे पाच वाजता दुसऱ्या कुणाचं घेऊन फिरणार?"

"नाही, तुम्हा नटमंडळींचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला आणि हीटरची झडप वळवून ऊब मागच्या बाजूला सोडली. "बॅरीला फ्लू झालाय. मी इवो."

मी मनात म्हटलं, आगाऊ आहे. मग मेव्हच्या कपाळाला हात लावून पाहिला. गरम नव्हतं. तरी पुन्हा एकदा पाहिला.

तोपर्यंतची माझी अभिनयाची कारकीर्द चार ओळींत मावली असती. हॉर्शमला, जिथे गव्हाच्या कोठारांहून उंच काही नाही, तिथल्या शाळेत दोन नाटकं. मग मेलबर्नचं नाट्यविद्यालय. मग एका पोलिसी मालिकेत प्रेत. चार तास श्वास सांभाळून पडले होते आणि नेमकी शेवटच्या टेकला पापणी हलली. शेवटच्या वर्षाला मेव्ह पोटात होती. तिचा बाप पर्थकडच्या खाणींवर कामाला गेला आणि तिकडचाच होऊन राहिला. त्यानंतर या रुग्णालयाच्या मालिकेत लॉरेल नावाच्या नर्सचं काम मिळालं. दीड महिन्यासाठी घेतलेली नर्स सातव्या महिन्यातही होती, इतकंच काय ते यश.

रोज पहाटे गाडी आम्हां दोघींना घ्यायची, बॉक्स हिलला डॉट मावशीकडे मेव्हला उतरवायची आणि मग मला स्टुडिओत न्यायची. बॅरीचा फ्लू बरा झाला, पण इवोने ती फेरी सोडली नाही. का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मागे बसून वाक्यं पुटपुटत होते. "डॉक्टर हार्डिंग, पेशंटने रात्रभर पाणीसुद्धा घेतलं नाही."

"मग त्याला पाणी नको, तू हवी असशील, लॉरेल," पुढून आवाज आला.

मी दचकले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर.

"तुला कसं माहीत पुढचं वाक्य?"

"स्क्रिप्टची पाकिटं तुमच्या घरोघर कोण टाकतं? एक संच गाडीत असतो. दिवसभर तुमची वाट बघत बसायचं, तर करू काय? वाचतो." थोडं थांबून तो म्हणाला, "लहानपणी आई संतांची नावं पाठ करून घ्यायची. एक चुकलं की जेवण उशिरा. त्यामानाने तुमचा डॉक्टर हार्डिंग सोपा आहे. एकच वाक्य फिरवून फिरवून बोलतो."

त्या दिवसापासून आमच्या तालमी गाडीतच व्हायला लागल्या. तो डॉक्टर व्हायचा, पेशंट व्हायचा, मेट्रनसुद्धा व्हायचा – मेट्रनसाठी नाकातून असा आवाज काढायचा की मेव्ह पाय झाडत हसायची. त्याचे आईवडील क्रोएशियाहून आलेले. वेरीबीला त्यांचा भाजीचा मळा. एका सोमवारी मागच्या सीटवर कोबीचा भला मोठा गड्डा होता.

"हे काय?"

"कोबी."

"ते दिसतंय. कशाला?"

"आईने दिला. म्हणाली, एकट्या बाईला..." तो अडखळला. "म्हणजे बाळ असलेल्या बाईला. सूप कर."

मला कळेना, आईने दिला की याने आईकडून मागून आणला. ज्याला कोबी द्यायचाय तो गुलाब का आणत नाही? आणि गुलाब का आणावा त्याने... मी कोण त्याची? दोन दिवस मी कोबीचं सूप ढवळत हाच विचार करत होते. डॉट मावशीला विचारलं तर म्हणाली, "कोबी ओझ्याचा असतो, ब्रॉन. उगाच कोणी वाहून आणत नाही." मग लगेच, "पण ड्रायव्हर आहे, त्याला गाडी होती." मावशीचं हे असं. एका हाताने देते, दुसऱ्या हाताने घेते.

ऑगस्टच्या एका मंगळवारी सिडनीच्या एका नाटकमंडळीचा फोन आला. नवं नाटक, तीन महिन्यांचे प्रयोग, मुख्य भूमिका. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही. हो म्हटलं तर मालिकेतली लॉरेल गाव सोडून जाणार आणि परत येणार नाही. नाही म्हटलं तर महिन्याचा पगार, मावशीचं घर, मेव्हचा ओळखीचा डॉक्टर, आणि... पहाटेची गाडी. मी यादी केली तेव्हा गाडी शेवटी लिहिली होती. मग खोडली. मग पुन्हा लिहिली.

बुधवारी पहाटे इवोला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग मळ्यातल्या गाजरांना कीड लागली होती, त्याबद्दल बोलला.

गुरुवारी पाऊस होता. बारीक, आडवा, काचेवर सुया टोचल्यासारखा. मेव्ह आदल्या दिवशीच्या तापाने थकून झोपली होती. माझ्या मांडीवर पांढरी पानं, त्या दिवशीच्या प्रसंगात लॉरेल डॉक्टरला सांगते की मी गाव सोडतेय (खरंच जाते की नाही, ते लेखकांनी पुढच्या भागावर सोडलं होतं), आणि डॉक्टर म्हणतो, "शुभेच्छा." इतकंच. रेल्वे फाटक पडलं. गाडी थांबली. वायपर जात-येत होता.

मी लॉरेलचं वाक्य म्हटलं, "मी जातेय. मला वाटलं, तुला माझ्या तोंडून कळावं."

आणि इवो म्हणाला, "जाऊ नकोस."

मी पानांकडे पाहिलं. तिथे नव्हतं ते.

"विचारायचा हक्क नाही मला," तो हळूच म्हणाला. मेट्रनचा आवाज नाही, डॉक्टरचाही नाही. "पण तू गेलीस तर सकाळी उठून मी कशाची वाट बघायची ते मला कळणार नाही."

आरशात मला त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते समोरच्या लाल दिव्यावर होते. मालगाडी धडधडत गेली, डबे संपेचनात. मी पुढे झुकले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओलसर लोकर, आणि खाली खांदा एकदम घट्ट झालेला. त्याचा कान लाल होताना मी इतक्या जवळून पाहिला की मलाच लाजल्यासारखं झालं.

फाटक उघडलं. मेव्ह उठून रडायला लागली. मावशीचं घर आलं, मग स्टुडिओ आला, आणि मी गाडीतून उतरले.

माझं ठरलं होतं. उपाहारगृहाच्या फोनमध्ये नाणं टाकून मी सिडनीचा नंबर फिरवला, नाही म्हणायला. ऑफिस नऊला उघडणार, असं यंत्रातली बाई म्हणाली. पाऊण तास होता. मी मेकअपच्या खुर्चीत जाऊन बसले आणि आरशात स्वतःकडे पाहून उगाच हसत राहिले.

"गुलाबी पानं पाठ झाली?" मेकअप करणारी जून म्हणाली.

"कसली गुलाबी?"

आमच्याकडे स्क्रिप्ट आधी पांढऱ्यावर येतं. बदललं की बदललेली पानं निळ्यावर, पुन्हा बदललं की गुलाबी. आदल्या संध्याकाळी दारात आलेलं पाकीट मला आठवलं. मेव्हला ताप होता. मी ते न उघडता लंगोटांच्या पिशवीत कोंबलं होतं. पिशवी आता मावशीकडे. जूनने तिच्याकडची पानं पुढे केली.

*डॉ. हार्डिंग : जाऊ नकोस. विचारायचा हक्क नाही मला. पण तू गेलीस तर सकाळी उठून मी कशाची वाट बघायची ते मला कळणार नाही.*

खाली कंसात : *लॉरेल काही बोलत नाही. पुढे होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवते.*

"काय झालं? पांढरी पडलीस," जून म्हणाली. "एवढं काही वाईट नाही लिहिलेलं."

मी नऊचा फोन केला नाही. काय सांगणार होते? साडेनऊला मला तोच प्रसंग करायचा होता. समोरचा नट भला माणूस, पेपरमिंट चघळणारा. तो म्हणाला, जाऊ नकोस. आणि मला खरंच कळेना की हे आता कोण म्हणतंय, सकाळी कोण म्हणालं, आणि मी हात ठेवला तो कुणाच्या खांद्यावर. हात अर्ध्या वाटेत थांबला. मागे आला. मग पुन्हा गेला.

दिग्दर्शक कधी कुणाला काही बोलायचा नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यामागून येऊन माझ्याजवळ उभा राहिला. "तो हात थांबला ते पानावर नव्हतं," तो म्हणाला. "कुठून आणलंस?"

"चुकून झालं," मी म्हटलं. पुढे कित्येक वर्षं लोक माझ्या ज्या प्रसंगाबद्दल बोलले, तो हा.

दुपारी परत जाताना मी मागेच बसले, मेव्ह नसताना. त्याने ते पाहिलं.

"महाराणी रागावल्यात?"

"तू ती पानं पाठ केली होतीस."

"हो. काल संध्याकाळी. तुझ्या दारात टाकायच्या आधी." मग त्याने सावकाश विचारलं, "म्हणजे तुझी पाठ नव्हती?"

"मी पाकीटच उघडलं नव्हतं."

त्याने गाडी कडेला घेतली. एका बंद पेट्रोल पंपासमोर, भर पावसात. इंजिन चालूच.

"मग खांद्यावर हात..."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"ब्रॉन, मी आज दिवसभर गाडीत बसून स्वतःला समजावतोय, की बाबा, तिने फक्त कंसातलं केलं. डोक्यात काही घेऊ नकोस. सँडविचसुद्धा खाल्लं नाही मी."

"आणि मी सिडनीला 'नाही' सांगायला फोन केला होता. तुझ्या त्या वाक्यावर."

"माझं नाही ते वाक्य." तो एकदम वळला. आता आरसा नव्हता मध्ये; सगळा चेहरा होता, दाढीची खुटं, भेदरलेले डोळे. "लिहिणाऱ्याचं आहे. मला लिहायला सांगितलं असतं तर मी 'जा' लिहिलं असतं."

आता मला काहीच कळेनासं झालं. "म्हणजे तुला मी जायला हवीय?"

"नकोय."

"मग जा कसं म्हणतोस?"

"तू मागे बसून पुटपुटतेस ना, तेव्हा मी वळणं चुकतो. दोनदा चुकलोय, तुला कळू दिलं नाही. आपल्या मालिकेतला एकही माणूस असं बोलत नाही, ब्रॉन. तू इथे राहिलीस, आणि माझ्यामुळे राहिलीस, तर दहा वर्षांनी मी तुला कुठल्या तोंडाने स्टुडिओत सोडू?"

"हे तू प्रेमाचं बोलतोयस की निरोपाचं?"

"मलाही नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "पाठ केलेलं नाही ना."

मी पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसले. भिजले. त्याने हीटर माझ्याकडे वळवला. मावशीच्या घरी पोचेपर्यंत त्याचा डावा हात गिअरवर होता आणि माझा उजवा हात त्याच्यापासून चार बोटांवर. पट्टा नीट लागलाय का हे मी पाच वेळा तपासलं. माझाच.

शुक्रवारी मला उशिराची वेळ होती. मावशीला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मेव्हला माझ्याकडे ठेव आणि जा." मी म्हटलं, ती माझ्याशिवाय झोपत नाही. मावशी म्हणाली, "तू तिच्याशिवाय झोपत नाहीस." दोन्ही खरं होतं, आणि त्याने काहीच सुटत नव्हतं. सकाळभर मी मेव्हचे मोजे चढवत आणि उतरवत होते.

दहा वाजता वाटेत इवोने टेलिफोन बूथजवळ गाडी थांबवली. मी थांबव म्हटलं नव्हतं. मेव्ह मागे बिस्किट चघळत होती. मी आत गेले, नाणी टाकली. मी हो म्हटलं तेव्हा माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. पलीकडची बाई खूश झाली. पुढच्या महिन्याची तारीख सांगितली, कपड्यांची मापं विचारली. मग म्हणाली, "तुमच्या घराची सोय करायची आहे. किती जणं राहाल?"

मी काचेतून पाहिलं. इवो गाडीबाहेर उभा होता, मागच्या दारातून आत वाकून मेव्हच्या हनुवटीवरचं बिस्किट पुसत होता, स्वतःच्या बाहीने. त्याने मेव्हचा पट्टा ओढून पाहिला. मग पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"एक मिनिट हं," मी फोनमध्ये म्हटलं, आणि पायाने दार ढकलून डोकं बाहेर काढलं. "इवो, दोन की तीन?"

तो सरळ झाला. पाऊस त्याच्या भुवयांवरून खाली येत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, मग आत मेव्हकडे.

"तीन," तो म्हणाला.

मी ते तिकडे सांगितलं. फोन ठेवला. बाहेर आले.

"कशाचे तीन, ते तू विचारलं नाहीस."

इवोने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. "तू नुसतं 'दोन' म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर विचारलं असतं."