चारचं इंजेक्शन

आयुष्यभर थापा मारल्यात मी. रबराची पाल फेकून सासूबाईंना टेबलावर चढवलंय.

पण ही थाप नाही...

ही माझ्या मेहुणीची गोष्ट. बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती ती.

बुधवार. दुपारचे चार. लख्ख ऊन.

सात नंबरच्या खाटेवर एक बाई आली. सातवा महिना, आणि कळा सुरू. त्यात हृदयाची एक झडप अरुंद.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कळा थांबवायचं नेहमीचं औषध हिला नको. हृदय पळत सुटेल. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्या. एक आत्ता, दुसरं उद्या चारला. तेवढा वेळ मिळाला पाहिजे."

मेहुणीने पहिलं टोचलं. सवयीप्रमाणे तळहातावर पेनाने '४' लिहिला.

बाई भारी अवली. दर दहा मिनिटांनी खाटेची बेल दाबायची.

"काय गं?"

"काही नाही ताई. तुम्ही कशा पळता ते बघत होते."

"आता उद्या चारच्या आत वाजवलीस, तर दोन सुया टोचेन!"

"बरं, चारलाच वाजवते. पण याल ना? बाळासाठी?"

"येणार म्हणजे येणार."

गुरुवारी सकाळी बाईच्या फुप्फुसांत पाणी भरलं. उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, सगळे झटले...

दहा वाजता ती गेली. बाळ पोटातच गेलं.

खाट पुसली. चादर बदलली.

चार वाजले...

बेल वाजली.

सात नंबर.

मेहुणी धावली. खाट रिकामी. नवी चादर मात्र मधोमध दबलेली... कोणी कुशीवर वळल्यासारखी.

शुक्रवारी चारला पुन्हा तेच. इलेक्ट्रिशियनने बेलची वायरच कापून टाकली.

शनिवारी चारला...

वाजली.

रविवारी मेहुणी खरंच सुई भरून गेली. खाटेशी उभी राहिली. पण टोचणार कोणाला?

सहज तळहाताकडे नजर गेली. बुधवारचा '४' कधीच धुऊन गेला होता...

तो परत उमटला होता. शाई ओली.

तिने नोकरी सोडली. आता आमच्याकडेच असते.

काल चारला आमच्या दाराची बेल वाजली. मला हसू आलं. म्हटलं, कोणीतरी माझीच फिरकी घेतंय. उठलो.

कोपऱ्यातून मेहुणी हळूच म्हणाली,

"उघडू नका, भाऊजी... माझ्याकडे सुई नाहीये."

मी दार उघडलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा वाजली. मग पुन्हा.

आत्ता पावणेचार झालेत...