एका रात्रीची जागा

या पोरांनो, गच्चीवर वारं आहे, बसा. करंट यायला वेळ लागेल. हा संकेत मघाशी म्हणत होता, कत्तिरीच्या, म्हणजे ऐन मे महिन्यातल्या उन्हाळ्यातही त्याला रात्री पंखा लागत नाही, फरशीवर नुसत्या चटईवर छान झोप लागते. त्यावरून आमच्या वेंकोबांची आठवण झाली.

वेंकोबा ह्याच बिल्डिंगचे सेक्रेटरी. तंजावरकडचे, बँकेतून रिटायर झालेले. माणूस वाईट नव्हता. किल्ल्यांचा जुडगा उशाशी घेऊन झोपायचा, एवढंच. गेल्या वर्षी अकरा मेला, रविवारी, रात्री पावणेदोनला ते पाणी प्यायला उठले, तर समोरच्या रिकाम्या घरात दिवा दिसला.

"कुणीतरी बटण तसंच सोडलंय. बंद करून येतो."

"आख्ख्या नुंगंबाक्कमचे दिवे तुमच्याच डोक्यावर," त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई कूस बदलत म्हणाल्या.

ते निघाले. अनवाणीच. चार पावलांचं तर अंतर.

त्या घरात आधी कामाक्षी राहायची, म्हाताऱ्या आईला घेऊन. इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात नोकरी. पुढं हळूहळू तिची जात सगळ्यांना कळली. म्हातारी डब्यात रसम घालून पाठवायची, ते अन्नपूर्णाबाई मोरीत ओतायच्या आणि डबा धुऊन परत द्यायच्या. भांडण नाही, तंटा नाही. तोंडावर हसणं चालूच.

मग म्हातारी इस्पितळात वारली. ह्याच तारखेला, त्याच्या आदल्या वर्षी. रात्री पावणेदोनला मयत घेऊन गाडी गेटाशी आली.

"सार, एकच रात्र," कामाक्षी म्हणाली. "भाऊ सकाळी पोचतोय. तोवर आईला तिच्या घरात ठेवते."

"भाड्याच्या घरात मयत आणत नाहीत, अम्मा. बिल्डिंगचा नियम आहे."

नियम होता खरा. पण चारच महिन्यांमागं तिसऱ्या मजल्यावरचे प्रतापसिंह वारले. तेही भाडेकरूच. त्यांचं मयत ठेवलेली फ्रीजरची पेटी दोन दिवस त्यांच्या हॉलमध्ये होती, आणि खुर्च्या मांडायला वेंकोबाच पुढं होते.  कामाक्षी नुसती गेटाकडं बघत राहिली.

वेंकोबांनी कडी लावली.

म्हातारी रात्रभर रस्त्यावर, गाडीत, बर्फाच्या लाद्यांवर. बर्फ वितळला, त्याचं पाणी गेटाखालून आत आलं. आत आलं ते तेवढंच. महिन्याभरात कामाक्षी घर सोडून गेली.

तर त्या रात्री वेंकोबांनी कुलूप काढलं. दार ढकललं. आत अंधार. बटण बंद. मेन स्विचही खाली केलेला.

मघाशी तर दिवा दिसला होता.

ते परत फिरणार, तोच आवाज आला. घर्र... घर्र... फ्रीजरची पेटी चालू असली की येतो ना, तसा.

त्यांनी एक पाऊल आत टाकलं. फरशी गार.

दुसरं पाऊल. तळवा गेला. घोटा गेला. गुडघ्याखाली काही कळेना.

मग अंधारातून, अगदी हळू, म्हातारीचा आवाज. "सार... एकच रात्र..."

त्यांना 'या' म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं.

जीभ हलेना.

घर्र थांबलं. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

वेंकोबा उभे.

...

उजाडलं तेव्हा अन्नपूर्णाबाईंना ते तिथंच उभे सापडले. किल्ल्या हातात. आता लेकाकडं असतात. रडत नाहीत, घाबरत नाहीत. कसं वाटतं विचारलं, तर म्हणतात, काही वाटत नाही. पाय अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले, नस दबली. असेल बाबा.

पण कामाक्षीच्या त्या घरात हॉलची फरशी उन्हाळ्यात सगळीकडं तापते, आणि खिडकीखाली पाच फूट लांब, दोन फूट रुंद, एवढी जागा तापत नाही. मालकानं मिस्त्री आणून फरश्या बदलल्या. तरी नाही. मग घर तुम्हाला दिलं. देताना तुमचंही आडनाव आधी विचारलं असेल ना?

संकेत, चटई कुठं टाकतोस रे तू?

...खिडकीखाली?