राखेखालचं लाल छप्पर

जीप रुतली ती रुतलीच. हेर्दिसनं गिअर टाकून बघितला, देवाचं नाव घेतलं, शेवटी शिव्याही दिल्या. चाकं काळ्या राखेत गरागरा फिरली आणि आणखीच खाली गेली.

"अजून जोर लाव की! पृथ्वीच्या पलीकडून बाहेर निघशील."

खांद्यावर फावडं टाकून एक उंच पोरगा उभा होता. भुवयांवर राख, पापण्यांवर राख... आणि हसतोय कसला मेला!

"फावडं काय मिरवायला आणलंयस?"

"बाई रागीट दिसतेय," तो स्वतःशीच पुटपुटला आणि मुकाट्यानं खोदायला लागला.

हा टोर्फी. बेटाच्या दक्षिण टोकावर दीपगृह आहे, त्याच्या रखवालदाराचा मुलगा.

"तुमच्याकडे वाऱ्याच्या भीतीनं कोंबड्या बांधून ठेवतात, ते खरं का रे?"

"कोंबड्या नाही गं, पाहुण्या. येऊन बघ एकदा."

हेर्दिस खळखळून हसली. बेट सोडल्यापासून पहिल्यांदाच.

जानेवारीत गावाला लागूनच जमीन फाटून ज्वालामुखी उसळला होता आणि हेइमाए बेटावरची माणसं मिळेल त्या बोटीनं पळाली होती. उन्हाळ्यात आग विझली, तशी ती फावडी घेऊन परतू लागली. हेर्दिसला आई नव्हती. बाबा राजधानीत, रेक्याविकला आत्याच्या घरी, एका खोलीत दुखरे गुडघे चोळत बसले होते. "घर सापडलं तर येईन, नाहीतर त्या बेटाचं तोंड बघणार नाही," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. त्यांची गल्ली निम्मी राखेत गेली होती, निम्मी लाव्ह्याखाली. राखेतलं घर उकरून काढता येतं, लाव्ह्याखालचं गेलं ते गेलंच. पण त्यांचं घर नेमकं कशात, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

हेर्दिस खोदत राहिली आणि टोर्फी रोज येत राहिला. एके दिवशी फावडं खणकन पत्र्यावर आपटलं. हातानं राख सारली, तर लाल छप्पर! हेर्दिसनं आनंदानं त्याच्या गळ्यात हातच टाकले... मग लाजून काढून घेतले. टोर्फी मात्र हसला नाही. दमला असेल, असं तिला वाटलं. तिनं धावत जाऊन फोन केला, "बाबा, छप्पर सापडलं!"

पलीकडे बाबा लहान मुलासारखे रडले. जाळी विणायचं काम आणि वर राहायला खोली, असं काहीतरी आत्यानं त्यांच्यासाठी जमवत आणलं होतं. त्याला त्यांनी त्याच दिवशी नकार कळवला.

रविवारी दोघं जीप घेऊन दीपगृहापर्यंत गेली, येताना ज्वालामुखीनं उभ्या केलेल्या नव्या डोंगरावर पायी चढली. जमीन अजून गरम होती. टोर्फीनं राय धान्याच्या मळलेल्या पिठाचा डबा सकाळीच तिथं भाजायला पुरून ठेवला होता. वाफाळती भाकर त्यानं फुंकून तिच्या हातात दिली.

"भाजलं?"

"नाही..." भाजलं होतं, पण त्यानं धरलेला हात तिला सोडवून घ्यायचा नव्हता.

"हेर्दिस, मला तुला काहीतरी—"

"घर निघू दे. मग सांग. मी कुठं पळून चाललेय?"

काय सांगणार ते तिला ठाऊकच होतं ना! निदान तिला तसं वाटलं.

दोन दिवसांनी खिडकी मोकळी झाली. हेर्दिस आत उतरली आणि जागच्या जागी थिजली. भिंतीवर पिवळी फुलं होती. त्यांच्या भिंती निळ्या. गल्लीतली सगळी घरं एकाच सुतारानं बांधलेली, छपरं सगळी लाल... हे फ्रीडामावशीचं घर होतं. हेर्दिसचं तिथून तिसरं, पूर्वेला. आणि पूर्वेला तर लाव्ह्याचा कडा उभा होता.

ती बाहेर आली. टोर्फी मान खाली घालून उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"तुमच्या घरानं पेट घेतला, तेव्हा पाण्याची नळी धरून मी समोरच होतो."

"आणि तू रोज माझ्यासोबत खोदत होतास?"

"सांगितलं असतं, तर तू त्याच संध्याकाळी बोटीत बसली असतीस. उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत राहिलो... आवडलीस गं मला. फार."

हेर्दिसनं ओंजळभर राख उचलून त्याच्या अंगावर फेकली. मग तिथंच बसून ढसाढसा रडली.

"बाबांनी हातातलं काम सोडलं रे! आता काय सांगू त्यांना?"

तो तिच्याशेजारी बसला. तिनं त्याला दूर लोटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जीप बोटीवर चढवली. टोर्फी धक्क्यावर आला होता. गालात हसणारा तो पोरगा एका रात्रीत वाळून गेल्यासारखा दिसत होता.

"राहा ना," तो म्हणाला. "दीपगृहात खोल्या आहेत. बाबांनाही आण."

"ते यायचे नाहीत. आणि आता त्यांना एकटं सोडू कशी? तू येतोस?"

"आमच्या म्हाताऱ्याला दिसत नाही गं. दिवा मीच लावतो."

भोंगा झाला. दोर सोडले.

"माफ करशील?" त्यानं ओरडून विचारलं.

हेर्दिस कठड्याशी आली. तिला खूप रागवायचं होतं, पण जमेना.

"खरं बोलला असतास, टोर्फी, तरी मला जावंच लागलं असतं," ती म्हणाली. "फक्त तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी गेले असते."