पुसलेली फुली

हे शेवटापर्यंत मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलंय. एक माझी बायको. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्या रात्री दिवा न मालवता झोपली. दुसरे डॉक्टर. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

आणि भुताची गोष्ट म्हटली की रात्र, अंधार असं काही तुमच्या मनात आलं असेल तर ते काढून टाका. हे भर दुपारी घडलं. फेब्रुवारीतला मंगळवार, एक वाजून दहा मिनिटं. जेवणाची सुट्टी.

मी ट्रकच्या डेपोत ब्रेक फिटर आहे. शहराच्या कडेला, हायवेला लागून आमचा डेपो. जवळच्या कारखान्यातून पोलादी पत्र्याच्या कॉईल, म्हणजे अवजड गुंडाळ्या, निघतात, त्या आमचे ट्रक लांब पोचवतात.

पूर्वी हा सगळा माल रेल्वेने जायचा. आमचा डेपो आहे ना, तोच मालधक्का होता. सहा रूळ होते म्हणतात. रोज दोन मालगाड्या सुटायच्या. मग आठवड्याला एक झाली. मग वॅगनच वेळेवर मिळेनात. कारखान्याने ट्रक लावले, आणि एक दिवस रूळ उखडून वर काँक्रीट ओतलं.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, आमच्याच डेपोत ड्रायव्हर. ते म्हणायचे, "एक इंजिन चाळीस डबे ओढायचं. आता चाळीस ट्रक, चाळीस ड्रायव्हर आणि चाळीस जणांची अर्धी झोप."

गाडी बाहेर पडण्याआधी तपासणीचा कागद भरावा लागतो. ब्रेक, टायर, चाकांचे नट, माल बांधायच्या साखळ्या. खाली फिटरची सही. खोटं कशाला बोलू, निम्म्या गाड्या मी नुसत्या लांबून बघून सोडायचो. सगळेच सोडायचे.

तर त्या मंगळवारी...

सगळे कँटीनला गेले होते. गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून जमिनीत खड्डा खणलेला असतो. मी त्या खड्ड्यातच बसून डबा खात होतो. तिथून डोळे बरोबर जमिनीच्या पातळीवर येतात. समोर ओळीने उभ्या गाड्यांची फक्त चाकं दिसतात.

डेपोत चिटपाखरू नव्हतं.

आणि मग आवाज आला...

ठण्.

थोडं थांबून पुन्हा... ठण्.

लोखंडावर हातोडी मारल्यासारखा. पहिल्या गाडीच्या पुढच्या चाकापासून सुरू झाला आणि एकेक चाक करत मागे सरकू लागला. मला वाटलं, टायरवाला लवकर जेवून आला.

"काय रे, भूक नाही का आज?" मी ओरडलो.

आवाज दुसऱ्या गाडीपाशी आला. मग तिसऱ्या.

मी वाकून गाड्यांच्या खालून पाहिलं. आवाज माझ्यापासून दहा पावलांवर होता.

तिथे... पाय नव्हते.

चाकं होती. चाकांच्या पलीकडे ऊन पडलेलं काँक्रीट होतं. पण चाकापाशी उभ्या माणसाचे जे पाय दिसायला हवेत, ते नव्हते. आणि आवाज चालूच होता.

चौथ्या गाडीच्या मागच्या चाकाला तो बदलला.

ठप्.

पुन्हा एकदा... ठप्. खात्री करून घेतल्यासारखा.

मग सगळं शांत. माझा घास तोंडातच राहिला होता.

सगळे परत आल्यावर मी धीर करून त्या चाकापाशी गेलो. रबरावर खडूने ठसठशीत फुली मारलेली होती. मी नट तपासले. दोन ढिले होते, आणि एक बोल्ट आतून तुटलेला. नुसता अडकून बसला होता. ती गाडी तशीच हायवेला गेली असती तर चाक निखळून कुणाच्या अंगावर गेलं असतं, देव जाणे.

माझा संशय सगळ्यात आधी वॉचमनकाकांवर गेला.

काका साठीचे. दिवसभर गेटवर खुर्ची टाकून बसायचे, कुणाशी फार बोलायचे नाहीत. त्यांची एक सवय होती. उजवा तळवा सारखा पँटला पुसायचे. हाताला काही लागलेलं नसलं तरी. आता मला वाटू लागलं, हा माणूस खडू तर पुसत नसेल?

आठ दिवसांनी दुसरी फुली आली. आतल्या बाजूच्या टायरला बोटभर चीर. मग तिसरी. दर वेळी जेवणाच्या सुट्टीत. दर वेळी खरी.

एकेक गाडी दोन-दोन तास अडकायला लागली. कारखान्यातून फोनवर फोन. एक दिवस मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे उद्योग तुझे आहेत?"

"नाही साहेब."

"सुट्टीत डेपोत एकटा तूच असतोस. आधी आपणच फुली मारायची, मग आपणच बिघाड शोधून काढायचा. तुला कुणी सांगितलंय हे करायला? समोरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीने?"

"साहेब, तुटलेला बोल्ट मी कुठून आणणार?"

"तेच मलाही कळत नाहीये," मॅनेजर म्हणाले. आणि त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं.

स्क्रीनवर दुपारचा डेपो. एका कोपऱ्यात, खड्ड्यात, माझं डोकं दिसत होतं. मी जेवत होतो. हे बघून मला हायसं वाटलं. बाकी कुणीच नव्हतं.

गाड्यांच्या आसपास ड्रायव्हरांनी टाकलेले दाणे टिपत वीस-पंचवीस कबुतरं फिरत होती.

मग... पहिल्या चाकाजवळची कबुतरं बाजूला झाली. उडाली नाहीत. नुसती दोन पावलं सरकली, माणसाला वाट देतात तशी. ती पुन्हा जागेवर आली आणि दुसऱ्या चाकाजवळची सरकली. मग तिसऱ्या. असं करत करत थेट त्या चाकापर्यंत.

तिथे ती बराच वेळ लांब उभी राहिली. ती परतली तेव्हा... चाकावर फुली होती.

मॅनेजरनी स्क्रीन बंद केला.

"कबुतरं आहेत," ते म्हणाले. "आणि परत फुली दिसली तर तू घरी बस."

त्या दिवशी त्यांनी डेपोतले सगळे खडू गोळा करून फेकून दिले.

संध्याकाळी मी गेटवर गेलो आणि काकांना सरळच विचारलं. त्यांनी खुर्ची जरा आत सरकवली. मग म्हणाले, "मी इथे रेल्वेत होतो. धक्क्यावर हमाल. तुला माहीत नसेल."

"मग?"

"लांब दांड्याची हातोडी घेऊन एक म्हातारा असायचा. गाडी सुटायच्या आधी प्रत्येक चाक वाजवून बघायचा. नुसत्या आवाजावरून तडा ओळखायचा. नाद खणखणीत आला तर गाडी पुढे. बद आला की खडूने फुली. मग तो डबा सोडवून बाजूला काढायचे."

"आता कुठे आहेत ते?"

काका पँटला तळवा पुसत राहिले. "शेवटच्या वर्षी फार घाई होती. ट्रकवाले माल पळवत होते. गाडी तासभर लेट झाली की गिऱ्हाईक गेलंच. एकदा त्याने फुली मारलेला डबा तसाच गेला. पुढे वळणावर घसरला. गाडीचा गार्ड जागीच मेला. चौकशीत म्हातारा म्हणत होता, मी फुली मारली होती. पण डब्यावर फुली नव्हती. सगळं त्याच्यावर शेकलं. त्याच धसक्याने तो गेला."

"मग पुसली कुणी?"

काकांचा हात थांबला.

"बरोबर चार वाजता गाडी सोडायची होती," एवढंच म्हणाले. मग उठून, गेट बंदच असताना, ते बंद करायला गेले.

त्यानंतर दोन आठवडे काही झालं नाही. मला वाटलं, संपलं.

मार्चमधला शुक्रवार. दुपारी दोनला एक बारा चाकी गाडी निघायची होती. कॉईल चढलेल्या, साखळ्या आवळलेल्या. सुट्टी संपली, मी कागद घेऊन गेलो आणि... डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर फुली.

डेपोत खडूचा तुकडाही नव्हता.

मी नट तपासले. ठीक. टायर आतून-बाहेरून हात फिरवून पाहिले. ठीक. ब्रेक हवा धरून ठेवत होते. आता चाक उतरवून आतला ब्रेकचा ड्रम बघायचा तर माल चढलेल्या गाडीला जॅक लावा, दोन तास घाला. तिकडे केबिनच्या काचेतून मॅनेजर माझ्याकडेच बघत होते.

घरी दोन पोरं आहेत माझ्या.

मी ओलं फडकं घेतलं आणि फुली पुसली. कागदावर सही केली.

खरं तेच सांगतो. ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरची होती. दाजींची असती तर मी पुसली नसती.

मी हात धुऊन आलो तर गाडी गेटातून बाहेर पडत होती. खिडकीतून हात हलवत... दाजी. ज्याची गाडी होती त्याला ऐनवेळी ताप भरला म्हणून मॅनेजरनी त्यांना बसवलं होतं.

मी धावलो. हाका मारल्या. गाडी हायवेला लागलीसुद्धा.

फोन लावला. दाजी गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. ताईने शपथ घातलेली होती, स्टिअरिंगवर हात असताना फोनला हात लावायचा नाही. तीच शपथ आता माझ्या जिवावर उठली.

मी गेटपाशी वळलो तर काका समोर उभे. त्यांनी आपल्या मोटारसायकलची किल्ली पुढे केली.

"डोंगराच्या उताराआधी गाठ," म्हणाले.

पन्नास किलोमीटरचा रस्ता. प्रत्येक ट्रकच्या मागे लागायचं, नंबर बघायचा, पुढे जायचं. चाळीस टनाची गाडी उतारावर ब्रेकशिवाय सुटली म्हणजे काय होतं ते मी बघितलंय. खाली टोलनाक्यावर गाड्यांची रांग असते. बस असतात त्यात.

उतार सुरू होण्याच्या जेमतेम दोनशे मीटर आधी गाडी दिसली. कडेला उभी. मागचे दिवे उघडझाप करत होते. चाकांना दगड लावलेले. दाजी कठड्यावर बसून पाणी पीत होते.

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. रडू आवरेना.

"अरे, काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?" ते विचारत होते.

"गाडी का थांबवलीत?"

"जरा जळका वास आला," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्रेनने माल उतरवून चाक काढलं. ब्रेकचा ड्रम आडवा तडकलेला होता, जवळजवळ पूर्ण. उतारावर दोन-तीनदा ब्रेक दाबला असता तर त्याचे तुकडे झाले असते.

मी मॅनेजरना सगळं सांगितलं. फुली पुसली तेही. मला वाटलं होतं काढून टाकतील. ते म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही." पण त्या दिवसापासून प्रत्येक गाडीला अर्धा तास जास्त मिळतो. कारखान्याच्या फोनला ते स्वतः उत्तर देतात. वॉचमनकाका सोमवारपासून आलेच नाहीत. पगार न्यायलाही नाही. मोटारसायकल अजून डेपोत उभी आहे.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं.

महिन्याभराने आम्ही ताईकडे जेवायला गेलो होतो. बायका आत होत्या. दाजींनी हळूच विषय काढला.

"त्या दिवशी वास-बिस काही आला नव्हता रे. मी साखळ्या बघायला थांबलो होतो, नेहमी थांबतो तसा. मागे गेलो तर एक म्हातारा चाकं वाजवत होता. निळा शर्ट, हातात लांब हातोडी. मला वाटलं हायवेचे तपासणीवाले असतील. त्या चाकापाशी थांबला आणि म्हणाला, ही पुढे जाणार नाही."

बायका ऐकत नाहीत ना, ते मी वळून पाहिलं.

"मग कागद मागितला. नीट वाचला. सहीवर बोट ठेवून विचारलं, हा कोण. मी म्हटलं, माझा मेव्हणा आहे, चांगला मुलगा आहे. तर म्हणाला, पूर्ण नाव सांगा."

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. त्यात काय लपवायचं?"

"मग?"

दाजींनी ताटातला हात काढला.

"मग काही नाही," ते म्हणाले. "खिशातून वही काढली... आणि लिहून घेतलं. पानावर आधीचं एकच नाव होतं, जुन्या पुसट शाईत. मला वाचता आलं नाही."