बर्फ नको!

"अहो, बर्फ नको! अजिबात नको!"

वारंगा फाट्यावर ऐश्वर्या इतक्या जोरात ओरडली, की रसवंतीवरची माणसं ग्लास हातात धरून तिच्याकडेच बघत राहिली. समोरचा तरुण बर्फाचा तुकडा घेऊन तसाच उभा. बोटांतून पाणी ठिबकतंय... आणि डोळ्यांत हसू!

"तुमीच तर म्हणून राहिल्या, रक्ताचे नमुने खराब होतील. म्हणून पळत आणला."

"हे गारठ्यानं बिघडतात. हिंदकळले तरी बिघडतात. अन् नांदेडच्या प्रयोगशाळेत लवकर न्हाई पोचले तर..." तिनं हातातली नमुन्यांची पेटी छातीशी धरली. तिची जीप धूर सोडून बंद पडलेली. पेटीत बाळापूरच्या गरोदर बायांचं रक्त. पुन्हा घेता आलं असतं, पण गरोदरपणाचे तेच दिवस पुन्हा कुठून आणणार?

"जल्दी बी, अन् धक्का बी न्हाई?" तो हसला. "बसा मग. माझ्या टेंपोत अंडी हायेत."

त्याचं नाव भीमराज. कळमनुरीकडे निघालेला टेंपो त्यानं सरळ नांदेडकडे वळवला. खड्डा आला की तो असा अलगद चाक उतरवायचा, की मांडीवरची पेटी जागची हलत नव्हती. ऐश्वर्याचं काळीज मात्र... उगीचच हलत होतं.

"एवढं काय हाये त्या रक्तात?"

"पोटातलं बाळ ज्या वारेवर वाढतं, तिथून आईच्या रक्तात पुड्या सुटतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांच्यात काय हाये ते ओळखता आलं, तर गरोदरपणातली साखर आधीच कळेल... कदाचित. तेच शोधून राहिले. पण रक्त गारठलं, हिंदकळलं, की त्यातल्या दुसऱ्या पेशीही पुड्या सोडतात. मग कुठली कुणाची, काय समजणार?"

भीमराजनं एक खड्डा चुकवला. "आमच्या सपनाताईची साखर फार उशिरा कळली. लई तकलीफ झाली तिला."

"आता?"

"आता लेकरू मामाच्या डोक्यावर बसतंय!"

दोघंही खळखळून हसली. त्याच्या गालावरची खळी तिला तेव्हाच दिसली, आणि मग दिसतच राहिली.

प्रयोगशाळेत नळ्या गरगर फिरवून रक्त वेगळं करणारं यंत्र थांबलं. ऐश्वर्यानं श्वास रोखून नळ्या उचलल्या. वर पिवळा, नितळ थर. कशातच लाली उतरलेली नव्हती, म्हणजे रक्तातल्या पेशी फुटल्या नव्हत्या! ती आनंदानं धावत बाहेर आली आणि दारातच थबकली. तो गेला असेल तर?

तो गेला नव्हता. टेंपोला टेकून उभा होता.

"सगळे चांगले निघाले!"

"अंडी बी सलामत. इथंच विकून टाकली." त्यानं दार उघडलं. "बाळापूरला सोडू?"

परतीच्या वाटेवर ऊन कललं होतं. मागून बैलगाडीसुद्धा पुढे निघून गेली, तेव्हा तिला राहवेना.

"आता नळ्या न्हाईत, अंडी न्हाईत. मग इतकं हळू काहून?"

भीमराजनं समोर बघतच उत्तर दिलं, "जल्दी गेलो तर... तुमचं बाळापूर येऊन जाईल ना."

ऐश्वर्यानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. लाजली, हसली.

"मग अजून हळू चालवा," ती म्हणाली.